हिंगणघाटचा कापूस आणि पायऱ्या चढणारी नाव

हिंगणघाटचा कापूस नावेत भरून थेट बंगालच्या उपसागराकडे न्यायचा, असे कोणी म्हटले तर तुम्ही हसाल. पण 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस येईना, म्हणून इंग्लंडच्या गिरण्या वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या. त्याच दशकात हेग या अभियंत्याच्या देखरेखीखाली हे काम खरोखरच सुरू होते.

नकाशा उघडा. हिंगणघाटची वणा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. वाट तर तयारच! पण वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: देवलमरी, इंचमपल्ली आणि दुम्मागुडेम. तेथून उतरताना नाव फुटणार. चढण्याची तर गोष्टच नको. म्हणून नदीवर बंधारा, बाजूने कालवा आणि कालव्यात दगडी जलपाश (लॉक) अशी योजना होती.

जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला हौद. नाव खालच्या दाराने आत येते, ते दार मिटते. मग वरच्या दारातील लहान झडप उघडतात. वरचे पाणी आत येते आणि त्याबरोबर नावही वर उचलली जाते. पंप नाही, इंजिन नाही! दोन्हीकडची पातळी सारखी झाली, की एकदोन माणसेही दार ढकलू शकतात. त्याआधी मात्र नाही. 3 मीटर रुंद दाराच्या एका बाजूला 3 मीटर पाणी आणि दुसरी बाजू कोरडी असेल, तर दारावर सुमारे साडेतेरा टन भार येतो. म्हणून दाराच्या दोन फळ्या प्रवाहाच्या उलट दिशेने, म्हणजे वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात. पाणीच त्यांना घट्ट दाबून धरते. येथे कालवा अरुंद असल्याने पूलही पुष्कळदा जलपाशावरच बांधतात.

आता हिशेब करा. हौद 40 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि चढ 3 मीटर धरला, तर दर खेपेला 7,20,000 लिटर पाणी खाली जाते. उन्हाळ्यातली वर्धा नदी पाहिलेल्यांना पुढचे सांगायला नको.

त्यातच 1867 साली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. ती बारमाही धावणारी! सुमारे 7 लाख पौंड खर्च झाल्यावर, 1871 साली सरकारने हे काम सोडून दिले. भद्राचलमच्या वरच्या अंगाला, दुम्मागुडेमला, त्या काळचा बंधारा आजही गोदावरीत उभा आहे.