तार दात सडवत नाही, तारेत अडकलेलं अन्न सडवतं



आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाळांमध्येही दातांना तार लावलेली मुलं दिसू लागली आहेत. आमच्या शाळेत सातवीतल्या एका मुलीला तार लागली. दोन-तीन महिन्यांतच ती तोंडावर हात ठेवून बोलायला लागली. विचारल्यावर कळलं, ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येते, म्हणून तिनं ब्रश करणंच सोडलं होतं. आई म्हणाली, "मॅडम, तारेनंच दात सडतात म्हणतात. काढून टाकावी का?"

हा प्रश्न अनेक घरांत असतो. म्हणून आज नीट समजून घेऊ.

दात खराब का होतात?

आपण जेवलो की तोंडातले जंतू अन्नातली साखर आणि पिठूळ भाग खाऊन आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कठीण थरातलं कॅल्शियम काढून घेते. एरवी जीभ आणि लाळ दात बऱ्यापैकी साफ करत राहतात. पण तार लावल्यावर प्रत्येक दातावर एक चौकोनी ब्रॅकेट चिकटवलेलं असतं. त्याच्या कडेला भात, पोळी, बिस्कीट अडकून बसते आणि लाळ तिथं पुरेशी पोहोचत नाही. अशी घाण साचत राहिली तर महिनाभरातही ब्रॅकेटभोवती पांढरे डाग दिसू शकतात. तार निघते, दात सरळ होतात, पण डाग राहून जातात.

हिरड्यांतून रक्त येणं हे बहुतेक वेळा घाण साचल्याचं लक्षण असतं. त्यामुळे ब्रश थांबवायचा नाही, उलट मऊ ब्रशनं नीट करायचा. काही दिवसांत सूज उतरू लागते. नाही उतरली तर डॉक्टरांना दाखवावं.

ब्रश कसा करायचा?

1. आधी पाण्यानं खळखळून चूळ भरा.
2. ब्रश थोडा तिरपा धरून आधी तारेच्या वरून, मग तारेच्या खालून फिरवा. शेवटी दातांची आतली आणि चावायची बाजू घासा.
3. तारेच्या खाली आणि दातांच्या फटीत घालायला छोटा बारीक ब्रश मिळतो, तो रोज एकदा वापरा.
4. घाई नको. तीन-चार मिनिटं लागतातच. आरशात बघून ब्रॅकेट चमकताना दिसलं पाहिजे.

सकाळी आणि रात्री झोपताना ब्रश हवाच. राखुंडी, कोळसा, मीठ यांनी घासू नका. कडुनिंबाची काडीही तारेच्या आत पोहोचत नाही, वर ब्रॅकेट निघायची भीती.

फ्लोराईडची शंका

चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे-पिवळे डाग दिसतात. म्हणून पालक विचारतात, मग फ्लोराईडची पेस्ट कशाला? हे डाग दात हाडात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, जास्त फ्लोराईड पोटात गेल्यानं पडतात. तार बहुधा 11-12 वर्षांनंतर लागते. तेव्हा पेस्टमधलं फ्लोराईड बाहेरून दात मजबूत करते. पेस्ट गिळायची नाही, थुंकायची. घरातल्या लहान भावंडांना मात्र वाटाण्याएवढीच पेस्ट द्या आणि जवळ उभं राहून थुंकायला लावा.

काय खायचं, काय टाळायचं?

- फुटाणे, चिक्की, ऊस, कच्ची बोरं यांनी ब्रॅकेट निघते. पेरू, सफरचंद बारीक फोडी करून द्या.
- चॉकलेट, गुळाचे चिकट पदार्थ, मोहाचे लाडू, तेंदूची पिकलेली फळं चिकटून बसतात. खाल्लीच तर लगेच दात घासा.
- तर्री-पोह्यातल्या हळदीनं तारेवरचे पांढरे रबर पिवळे होतात. घाबरू नका, डॉक्टर ते बदलतात.
- खर्रा तर कोणीच खाऊ नये. सुपारीनं ब्रॅकेट तुटते, तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो. वर्गात खर्रा खाणारं मूल दिसलं तर रागवून सोडू नका, त्याच्याशी बोला.

शिक्षक काय करू शकतात?

तार बघायला साधारण दर महिन्याला डॉक्टरांकडे जावं लागते. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, भामरागड-सिरोंचाकडून तर त्याहून कितीतरी लांब. मधले सगळे दिवस दात सांभाळायचे ते घरी आणि शाळेतच. म्हणून पोषण आहाराची खिचडी खाल्ल्यावर त्या मुलाला हापशीवर दोन मिनिटं जाऊ द्या. दप्तरात एक ब्रश ठेवायला सांगा. निदान चूळ तरी भरूच द्या. "लोखंडी दात" म्हणून कोणी चिडवत असेल तर तिथंच थांबवा.

तार टोचली तर कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायच्या. ब्रॅकेट निघालं तर स्वतः चिकटवू नका, तार ओढू नका, डॉक्टरांना फोन करा. तार मधेच काढून टाकली तर दात पुन्हा सरकतात, पैसे आणि महिने दोन्ही वाया.

त्या मुलीच्या आईला मी हेच सांगितलं. आता जेवण झालं की तिच्या दोन मैत्रिणीही ब्रश घेऊन हापशीवर जातात. त्यांना तार नाही, पण दात तर आहेत ना!