दोन पवनचक्क्या, एक गाव आणि तुमचा संशोधन-प्रश्न

पीएच.डी.च्या मुलाखतीत हमखास विचारतात, "तुमचा प्रश्न नेमका काय?" त्यावर "लोक पवनऊर्जेला विरोध का करतात?" असं म्हणालात की अडकलात. प्रश्न फारच मोठा आहे. तो लहान कसा करायचा, हे एका खऱ्या उदाहरणावरून बघू.

अमेरिकेत बॉस्टनजवळ, समुद्रात शिरलेल्या चिंचोळ्या जमिनीवर हल नावाचं गाव आहे. तिथलं वीजखातं गावाच्याच मालकीचं. या खात्याने २००१ मध्ये शाळेजवळ ६६० किलोवॅटची पवनचक्की उभारली आणि २००६ मध्ये बंद पडलेल्या कचरा डेपोवर १.८ मेगावॅटची दुसरी.

त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात, २००१ मध्येच, एका खासगी कंपनीने केप कॉडजवळच्या समुद्रात 'केप विंड' प्रकल्प मांडला; पुढे तो १३० पवनचक्क्यांचा ठरला. वर्षानुवर्षं विरोध आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. २०१७ मध्ये कंपनीने नाद सोडला. एकही पवनचक्की उभी राहिली नाही.

आता लगेच लिहावंसं वाटतं, "मालकी सार्वजनिक असली की लोक प्रकल्प स्वीकारतात." थांबा! दोन्हींत फरक फक्त मालकीचाच आहे का? इकडे दोन, तिकडे १३०. इकडे जमिनीवर, तिकडे समुद्रात. शिवाय हलच्या शाळेजवळ १९८५ पासून एक छोटी पवनचक्की होतीच. १९९७ च्या वादळात ती मोडली. म्हणजे गावाला सवयही होती. एवढे घटक एकदम बदलले, तर श्रेय एकट्या मालकीला देता येत नाही.

मग काय करायचं? तुलना हलमध्येच करा. याच वीजखात्याने पुढे समुद्रात चार पवनचक्क्यांचा बेत केला होता. खर्च झेपेना, म्हणून तो गुंडाळावा लागला. गाव तेच, मालक तोच. तरी निकाल वेगळा. गावाची मालकी असल्याने संमती मिळणं सोपं झालंही असेल, पण पैशाचं गणित काही त्यामुळे सुटलं नाही.

आता प्रश्न नेमका झाला : गावाच्या मालकीमुळे निर्णयाचा कोणता भाग बदलतो आणि कोणता बदलत नाही? याचा पुरावा शोधता येतो. सभांची इतिवृत्तं, वीजखात्याचे हिशेब, गावकऱ्यांच्या मुलाखती.

तुमचा विषय कुठलाही असो, आराखडा लिहिण्याआधी एक कागद घ्या. दोन उदाहरणं शेजारी मांडा आणि त्यांच्यातले सगळे फरक लिहून काढा. यादी लांबली, तर निष्कर्षाची घाई नको. आधी उदाहरण बदला.