कोंडवाड्यातील डोणी

गावातील काही स्थळे अशी असतात की त्यांचे नाव निघताच आपल्या हातून काहीतरी कसूर झाला असावा असे मनुष्याला उगाच वाटू लागते. त्यांत चावडीचा मान पहिला खरा. परंतु आमच्या नांदगाव खंडेश्वराच्या मुलखात, जिथे माणसाच्या अब्रूचे दावे ढोराच्या गळ्यात बांधलेले असे, तिथे कोंडवाडा चावडीच्याही वर बसे. अमक्याची म्हैस कोंडवाड्यात गेली, एवढी वार्ता विहिरीवर पोहोचली की त्या घरच्या कर्त्या पुरुषाला दोन दिवस मान खाली घालून हिंडावे लागे. दंडाची रक्कम क्षुल्लक असे, परंतु ज्या घरी ढोराला वेळेवर दावे लागत नाही त्या घराचा तो जाहीरनामाच असे. खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळात पाषाणाच्या नंदीपुढे भक्तिभावाने नतमस्तक होणारे लोक परत येताना, कोंडवाड्याच्या फळ्यांतून तोंड बाहेर काढून उभ्या असलेल्या जित्याजागत्या नंदीकडे मात्र दृष्टी टाकीत नसत, कारण न जाणो, तो आपलाच निघावयाचा.

या दुर्लौकिकाच्या खाली एक गोष्ट दडून गेली आहे, आणि ती सांगावी एवढ्याचसाठी मी हा लेख लिहिण्यास बसलो आहे. आज शहरोशहरी मुक्या प्राण्यांसाठी निवारे निघाले आहेत, उन्हाळा लागला की कुत्र्यामांजरांना पाणी ठेवा अशा सूचना घरोघर पोहोचतात, आणि हे सर्व नव्या काळाच्या भूतदयेचे फळ आहे असे आपण समजतो. परंतु ज्या काळी भूतदया ही केवळ पुण्याची बाब होती, त्या काळी मुक्या जनावराला पाणी पाजणे हे ज्याच्या नावावर कायद्याने लिहून ठेवलेले कर्तव्य होते, असा गावात एकच इसम होता, आणि तो म्हणजे कोंडवाड्याचा रखवालदार.

सन १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा हा कोंडवाड्याचा मूळ आधार होय. पिकात शिरलेले ढोर धरणाऱ्याने ते २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोहोचवावे. रखवालदाराने ढोरांची संख्या व वर्णन, आणल्याचा दिवस व घटका, आणणाऱ्याचे नाव व वस्ती आणि मालक ठाऊक असल्यास त्याचेही नाव नोंदवहीत लिहावे. आणि सुटका होईपर्यंत त्या ढोराच्या चाऱ्यापाण्याची व्यवस्था करावी, असा त्याचा शिरस्ता. दंडाचा तक्ता वाचताना आजही करमणूक होते: हत्तीला दोन रुपये, उंटाला व म्हशीला आठ आणे, घोडा, बैल आणि गाय यांना चार आणे, वासरू, गाढव व डुक्कर यांना दोन आणे, आणि शेळी-मेंढीला एक आणा. आमच्या धुऱ्यावर हत्ती कधी चरावयास आला असेल असे वाटत नाही, परंतु कलकत्त्यास बसून अवघ्या हिंदुस्थानचा विचार करणाऱ्याला असल्या तपशिलात शिरून कसे चालेल? दंडाचा आणि खुराकीच्या दराचा फलक कोंडवाड्यावर ठळक जागी लावावा, सात दिवसांत मालक न आल्यास पोलिसांना कळवावे, मग जवळच्या गावी व बाजारी दवंडी पिटवावी, तरीही कोणी न फिरकल्यास जाहीर लिलाव करावा, आणि त्या लिलावात रखवालदाराने किंवा पोलीस अंमलदाराने स्वतः किंवा परभारे ढोर विकत घेऊ नये, हे शेवटचे कलम ज्याने घातले त्याला मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक होता, यात संशय नाही.

आमच्या गावच्या कोंडवाड्यावर माझ्या बालपणी जो वृद्ध होता त्याला आम्ही मुले आबाजी म्हणत असू. पूर्वी तो कोतवाल होता. पुढे गुडघे धरल्यामुळे त्याला ही बसण्याची नोकरी मिळाली, असे लोक म्हणत, परंतु तो बसलेला मला फारसा आठवत नाही. चार हात उंचीची दगडमातीची भिंत, सागाच्या फळ्यांचे फाटक, एका कोपऱ्यात तुराट्यांचा मांडव आणि मांडवाच्या सावलीत एकाच काळ्या पाषाणाची कोरलेली लांबट डोणी, एवढा सगळा त्याचा इलाखा. दुभती म्हैस कोंडवाड्यात आली की आबाजीच्या घरचा चहा दाट होतो, अशी कुजबूज गावात होती. ती खरी असली तरी मी त्याला माफ करीन, आणि का करीन ते पुढे येईल.

आमच्याकडे कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या आणि होळी सरली की वावरे उघडी पडतात, आणि ढोरे मोकळी सोडण्याचा उन्हाळी प्रघात सुरू होतो. बारमाही ओलिताची विहीर असलेला एखादाच शेतकरी त्या तांबूस, तडकलेल्या मुलखात हिरवा तुकडा राखून असतो, आणि साऱ्या गावच्या ढोरांची नजर त्या तुकड्यावर असते. आमची भुरी म्हैस, पूर्णेच्या थडीला जी राखी-पांढुरक्या रंगाची जात आहे तीतली, एका वैशाखात अशाच एका उन्हाळी भुईमुगात शिरली व धरली गेली. वडील गावाला गेलेले. आईने पदराच्या गाठीतले पैसे माझ्या मुठीत दिले आणि भर दुपारी मी अनवाणी कोंडवाड्यावर गेलो.

म्हैस जीभ बाहेर काढून, मान लांब करून धापा टाकीत होती. म्हशीच्या अंगाला घाम सुटतो तो बेताचाच, आणि म्हणून ती ऊन गाईइतके सोसत नाही व डबक्यात बसून राहते, हे शास्त्र मला पुढे कळले; आबाजीला ते आधीच ठाऊक होते. मी पैशांची मूठ पुढे केली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "पैशे मंग देजो रे बाबू, आंधी तिले पानी पेऊ दे," एवढेच बोलून त्याने कावडीतला घडा उचलला. त्याने ते पाणी प्रथम डोणीत ओतले नाही. आधी तिच्या पायांवर, मग पोटाखाली, मग मानेवर आणि सर्वांत शेवटी कपाळावर ओतले. दुसऱ्या घड्याने डोणी भरली, चार घोट होताच वेसण धरून तिला मागे घेतले, थोडा वेळ थांबला, आणि मग सोडून दिले. चार घडे संपले. त्यानंतर तो मांडवात बसला, चष्म्याची दोरी कानामागे सारली आणि नोंदवही उघडली. "भुरी, डावे शिंग आखूड, कपाळी चांद, उजव्या कानास चीर," असे तो मोठ्याने म्हणत म्हणत लिहीत गेला. आमच्या म्हशीच्या कानाला चीर आहे हे रोज तिच्याजवळ वावरणाऱ्या मला त्या दिवशी कळले. पावतीवर दंडाखाली निराळ्या ओळीत खुराकीचे पैसे मांडलेले होते.

कोंडवाडे सर्वत्र असे होते असे मी म्हणणार नाही. जिथे डोणीत शेवाळ वाळून भेगा पडल्या होत्या आणि चाऱ्याचा पैसा वहीत खर्ची पडत होता असाही एक मी पाहिला आहे. त्या गावाचे नाव इथे नको. उत्तरेकडे याच संस्थेला कांजीहौद म्हणतात, आणि प्रेमचंदांच्या दोन बैलांच्या सुप्रसिद्ध गोष्टीत हिरा-मोतींना तिथे दिवसभर वैरणीची काडीही मिळत नाही. ज्या संस्थेचे हृदय एका माणसाच्या कावडीत असते तिचे असे व्हावयाचेच.

त्या कायद्याच्या यादीत उंट आहे, गाढव आहे, परंतु कुत्रा नाही. तो पिकाचे नुकसान करीत नाही म्हणून त्याला दंड नाही, आणि दंड नाही म्हणून खुराकीही नाही. सरकारला कुत्र्याची आठवण होई ती निराळ्या कारणाने: मुंबईत उन्हाच्या दिवसांत भटकी कुत्री मारण्याचा हुकूम असे, आणि १८३२ साली त्याची मुदत वाढविल्यावरून पारशी मंडळींनी तिथे मोठा दंगा केला, दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ निघाला. आमच्या वऱ्हाडात हे काम सेठसावकारांबरोबर एका परिटाच्या पोराने केले. दापुऱ्यास मामाच्या घरी ढोरे राखीत वाढलेल्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, मूर्तिजापुरास धर्मशाळेबरोबर गोरक्षणही उभे केले, आणि जत्रेतील पशुहत्येवर कीर्तनातून आयुष्यभर कोरडे ओढले. अकोल्यात तर एका हमरस्त्याचे नावच गोरक्षण रोड आहे; त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना त्या शब्दाचा अर्थ आठवतो कोण जाणे.

पुढे १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि १९६५ च्या नियमांत असे ठरले की जिथे उष्णमान ३७ अंशांवर जाते तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर गाडीस जुंपू नये, दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक चालवू नये. वैशाखात पारा ४५ च्या आसपास घुटमळतो त्या आमच्या जिल्ह्यात हा नियम म्हणजे फाल्गुनापासून मृगापर्यंत दुपारची बंडी बंदच. वाचून कोणाला नवल वाटेल, परंतु जुन्या कास्तकाराला हे सांगावे लागत नसे. तो तांबडे फुटण्यापूर्वी वखर धरी आणि ऊन चढण्याच्या आत बैल निंबाखाली आणून बांधी. नियम मोडला तो बाजाराच्या दिवशी माल वाहणाऱ्याने.

उन्हाळ्यातील दुसरा शत्रू हिरवा असतो. ज्वारी कापल्यावर धसकटाला ओलीमुळे जे कोवळे फुटवे येतात, त्यांत विष असते, आणि भुकेले ढोर त्यावर तुटून पडले की घटकाभरात फुगून, थरथरत खाली कोसळते. याला किराळ लागणे म्हणतात. मोकळ्या सोडलेल्या ढोराला कोंडवाडा दाखविणारा शेजारी त्या दिवशी शत्रू नसून उपकारकर्ता असतो, हे पटवून घेणे मात्र कठीण.

घरच्या कुत्र्याचे दुःख याहून मुके. त्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांपुरता. बाकी सारी उष्णता त्याने धापा टाकून बाहेर काढावयाची. आमच्या अंगणातला कुत्रा उन्हाळाभर रांजणाखालच्या ओल्या वाळूत खळगा करून पडे आणि आई त्याला तिथून कधी उठवू देत नसे. आता अंगणे फरशीची झाली, रांजण गेला, आणि हौसेने आणलेली थंड मुलखातील केसाळ जात पत्र्याच्या शेडखाली साखळीने बांधलेली दिसते. डांबरी रस्त्यावर आपला उघडा तळहात टेकवून जितका वेळ धरवत नाही, तितका वेळ त्याने त्यावर का चालावे? कुत्र्याची धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, लाळ चिकट झाली आणि पाय लटपटू लागले, तर त्याला उष्माघात झाला असे समजून सावलीत न्यावे, पोट, जांघा व पंजे साध्या पाण्याने भिजवून वारा घालावा, शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी ओतू नये आणि तडक पशुवैद्यकाकडे न्यावे. आबाजीने म्हशीच्या कपाळाआधी पाय आणि पोट भिजविले होते, हे मला आठवल्यावाचून राहत नाही.

कोंडवाडे आता मोडकळीस आले. ट्रॅक्टरने बैल घटले. २०१५ पासून राज्यात गोवंशाच्या कत्तलीस पूर्ण बंदी झाल्यावर म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक राहिले नाही, आणि ज्याला कडबा-ढेप परवडत नाही तो दावे सोडून देऊन मोकळा होतो. समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून गेला आहे. वैशाखातल्या दुपारी त्याच्या पुलाखालच्या सावलीत असले बेवारस बैल रवंथ करीत बसलेले मी पाहिले आहेत. २०२४ मध्ये सरकारने गोशाळांतील देशी गाईमागे दररोज ५० रुपये अनुदान ठरविले ते योग्यच झाले. फक्त जुन्या यादीत हत्तीला जागा होती आणि कुत्र्याला नव्हती, तशी या नव्या यादीत भुऱ्या म्हशीला नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. कोंडवाड्याच्या भिंतीचे दगड कोणाकोणाच्या पायात गेले आहेत, फाटक नाही, मांडव तर कधीच नाही. डोणी मात्र कोणीतरी उचलून एसटीच्या थांब्यावर, निंबाखाली आणून ठेवली आहे. ती रोज कोण भरतो असे मी शेजारच्या टपरीवाल्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "ज्याले रिकामी दिसते थो भरते, साहेब." दुपारचा एक वाजला होता, थांब्यावर आठदहा माणसे बसची वाट पाहत होती, एक कुत्रा डोणीच्या तळाशी नाक लावून परत फिरला होता, आणि डोणी सर्वांना स्पष्ट दिसत होती. मी टपरीवाल्याची बादली मागून घेतली.