धावण्याआधीचे धावणे

दरवर्षी जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन भरते, आणि त्याआधी काही आठवडे एखादा सहकारी कचेरीत देणगीची विनंती घेऊन फिरू लागतो. तो एका सेवाभावी संस्थेसाठी धावणार असतो. अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो : पैसाच द्यायचा, तर तो सरळ संस्थेला द्यावा, त्यासाठी बेचाळीस किलोमीटर धावण्याचा खटाटोप कशाला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. एकाच्या धावण्याने दुसऱ्याचा रोग बरा होत नाही, हे उघड आहे.

याचे उत्तर कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाच्या चरित्रात सापडते. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. उपचारांच्या काळात इतर रुग्णांच्या यातना त्याने जवळून पाहिल्या आणि कर्करोगावरील संशोधनाच्या निधीसाठी सारा देश धावत ओलांडण्याचा निश्चय केला. ही धाव प्रसिद्ध आहे; तिच्यामागची तयारी मात्र फारशी सांगितली जात नाही.

१९७९ च्या प्रारंभी त्याने सराव सुरू केला. धावण्यासाठी खास बनवलेले आजच्यासारखे कृत्रिम पाय तेव्हा नव्हते. चालण्याच्या पायातच फेरफार करून तो धावे. उरलेल्या मांडीला फोड येत, जखमा होत. त्याच वर्षी प्रिन्स जॉर्ज येथील शर्यतीत तो सर्वांच्या मागून पोहोचला. पुढे सलग शंभर दिवस न चुकता धावल्यावर त्याने नाताळची एक सुटी घेतली, तीही आईच्या आग्रहाखातर. सुमारे चौदा महिन्यांत त्याने पाच हजार किलोमीटर सराव केला. या धावेला ना प्रेक्षक होते, ना पदक.

१२ एप्रिल १९८० रोजी तो न्यूफाउंडलंडहून निघाला. आरंभी फारशी कोणी दखल घेतली नाही. पण सुमारे दहा हजार वस्तीच्या पोर्ट ओ बास्क या गावाने दहा हजार डॉलर दिले. माणशी एक डॉलर, हेच पुढे त्याचे देशाकडे मागणे झाले. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन याप्रमाणे १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर त्याने कापले. रोग फुप्फुसांत पसरल्याने १ सप्टेंबरला त्याला थांबावे लागले. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी दोन कोटी एकेचाळीस लाख डॉलरवर, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या आकड्याइतका, गेला. त्याच वर्षी २८ जूनला त्याचे निधन झाले.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. मुकाट्याने दिलेला पैसा एका माणसाचा असतो. दुसऱ्याकडे मागायचा, तर मागणाऱ्याला आधी तो अधिकार मिळवावा लागतो. पहाटेची झोप मोडून महिनोन् महिने केलेला सराव हे त्या अधिकाराचे मोल होय. म्हणूनच धावण्याला साधन करून कोणी स्वतःचा नफा साधावा, हे टेरीला मान्य नव्हते. मालाच्या जाहिरातीसाठी आपले नाव देण्यास त्याने नकार दिला.

आपल्याकडे २००४ पासून मुंबईची मॅरेथॉन हा निधी जमवण्याचा मोठा प्रसंग झाला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र फलक, बनियन आणि छायाचित्रे यांच्या गर्दीत मूळ हेतू हरवण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. जो धावणार, त्याने पायांबरोबर आपल्या माहितीचीही तयारी करावी. ज्या संस्थेसाठी हात पसरायचा, तिच्या दारात एकदा तरी जाऊन यावे, आणि शर्यतीनंतर पैसा कशावर खर्च झाला ते देणाऱ्यांना सांगावे. पगारातून पन्नास रुपये काढून देणाऱ्या कारकुनाचा आणि शिक्षकाचा तेवढा हक्क निश्चितच आहे. तो हिशेब ज्या दिवशी त्यांच्या हाती पडेल, त्या दिवशीच ती शर्यत खऱ्या अर्थाने संपेल.