म्हाताऱ्या मांजरीचे आजारपण : औषधाइतकीच वहीही महत्त्वाची

आपल्या वस्तीत, चाळीत, गावच्या घरात मांजर येते ते बहुधा उंदरांच्या निमित्ताने. पुढे ते घरचेच होऊन जाते. मुलांच्या गोधडीत झोपते, आईच्या पायात घुटमळते. मात्र दहा-बारा वर्षे उलटली की तीच मनी हाडकुळी दिसू लागते. मोरीत जाऊन सारखे पाणी पिते, नको तिथे लघवी करते, पिवळे ओकते. मग घरातले म्हणतात, "म्हातारी झाली, चालायचेच!" कुणी तर तिला गोणीत घालून मासळी बाजारात सोडून येतो.

बंधू-भगिनींनो, हे नुसते म्हातारपण नव्हे. बहुतेक वेळा हा मूत्रपिंडाचा, म्हणजेच किडनीचा आजार असतो आणि त्याच्या जोडीला आणखी एखादे दुखणे लपलेले असते. तो मुळातून बरा होत नाही, पण सांभाळता येतो. वेळीच ध्यानात आला तर मांजर पुढे महिनेच नव्हे, वर्षेही सुखाने काढू शकते.

विनयपिटकातली एक घटना आपल्याला ठाऊक असेल. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी कारण विचारले, तेव्हा तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून, असे उत्तर मिळाले. भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले, पुसले, खाटेवर निजवले. ज्याचा उपयोग संपला त्याची सेवा करायची नाही, हा व्यवहार तथागतांनी नाकारला. उंदीर धरणे बंद झालेल्या मांजरीला हाच न्याय लागू आहे.

किडनी बिघडते म्हणजे काय?

किडनी रक्तातला मळ गाळून लघवीवाटे बाहेर टाकते आणि शरीराला हवे तेवढे पाणी राखते. मांजरीची किडनी हळूहळू निकामी होते. सुमारे दोन-तृतीयांश काम बंद पडले की लघवी पातळ आणि भरपूर होऊ लागते. म्हणून ती पाणी जास्त पिते. जवळजवळ तीन-चतुर्थांश काम बंद पडले की रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसते. म्हणजे लक्षणे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. आठ-दहा वर्षांनंतर वर्षातून एकदा तरी रक्त-लघवी तपासावी असे डॉक्टर सांगतात ते यासाठीच.

डॉक्टर या आजाराच्या चार पायऱ्या मानतात. क्रिएटिनिन १.६ च्या खाली असताना पहिली, १.६ ते २.८ दुसरी, २.९ ते ५ तिसरी आणि ५ च्या वर चौथी. पण नुसत्या एका आकड्यावर विसंबू नये. मांजर फार वाळलेली असेल तर अंगात मांस कमी असल्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी दिसते. त्यामुळे लघवीची तपासणी, रक्तदाब आणि वजन यांचाही विचार करावा लागतो.

एक दुखणे दुसऱ्याला झाकते

आपल्या घरातल्या आजोबांना साखर आणि बी.पी. दोन्ही असले की एका गोळीचा दुसऱ्या दुखण्यावर काय परिणाम होईल, हे डॉक्टर पाहतात. मांजरीचेही तसेच आहे.

थायरॉईड : म्हातारी मांजर खूप खाते आणि तरीही रोडावते, रात्री ओरडते, अस्वस्थ फिरते, तेव्हा थायरॉईड वाढल्याचा संशय घ्यावा. या रोगात रक्ताचा जोर वाढून किडनीतून जास्त रक्त वाहते आणि किडनी ठीक असल्यासारखी दिसते. थायरॉईडचे औषध सुरू झाले की झाकलेला आजार उघडा पडतो. औषधाने किडनी बिघडली असे समजून लोक ते परस्पर बंद करतात. तसे करू नये. काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी.

रक्तदाब : किडनीच्या रोगात तो वाढतो आणि मांजर एकाएकी आंधळी होऊ शकते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या राहिल्या, ती भिंतीला धडकू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. यावर दिली जाणारी अम्लोडिपिन ही माणसांचीच गोळी आहे आणि ती जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळते. पण चार किलोच्या जिवाला तिचा छोटा तुकडाच लागतो. किती, ते डॉक्टरच सांगतील.

हृदय : किडनीला पाणी हवे असते, पण कमजोर हृदयाला जादा पाणी झेपत नाही. सलाईन फार झाले तर छातीत पाणी साठते. उलट छातीतले पाणी काढणारी औषधे किडनीला कोरडी पाडतात. हा तोल डॉक्टरांनी सांभाळायचा. आपण झोपलेल्या मांजरीचे श्वास मोजायचे. मिनिटाला तीसच्या वर जाऊ लागले तर डॉक्टरांना लगेच कळवायचे.

साखर : मधुमेहाच्या मांजरीला जास्त प्रथिनांचा आहार बरा, तर किडनीला प्रथिने आणि फॉस्फरस बेताचे हवे. शिवाय लघवीत साखर असली की तिथे जंतू वाढतात. अशा वेळी ती रोज वेळेवर पोटभर खाते आहे ना, हे आधी पाहायचे. इन्सुलिन घेणारी मांजर जेवली नाही तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई टोचू नये.

सांधेदुखी : उडी मारणे बंद झाले, अंग चाटणे कमी झाले, की सांधे दुखत असतात. दुखणे थांबवणाऱ्या बऱ्याच गोळ्या किडनीवर भार टाकतात. म्हणून वाळूची पाटी बुटक्या काठाची ठेवणे, अंथरूण जमिनीवर घालणे हे बिनखर्चाचे उपाय आधी करावेत.

ताटलीत काय वाढावे?

आपल्याकडे मांजरीला सुकट, बोंबील, माशांची डोकी, दूध-चपाती देतात. किडनीच्या रोग्याला यातले बरेच बाधते. सुक्या मासळीत मीठ फार, काट्यांत फॉस्फरस फार. दुधातही फॉस्फरस असतो आणि पुष्कळ मोठ्या मांजरींना ते पचत नाही. किडनीसाठीचे तयार खाद्य मिळते. परवडत असेल तर ते उत्तम, पण जुन्या खाण्यात थोडे थोडे मिसळत दोन-तीन आठवड्यांत बदल करावा. परवडत नसेल तर बिनमिठाची, बिनहाडाची उकडलेली कोंबडी, थोडा भात, अंड्याचा पांढरा भाग असे काय चालेल ते डॉक्टरांना विचारावे. कांदा-लसूण घातलेला रस्सा मुळीच नको. तो मांजरीचे रक्त नासवतो. निव्वळ शाकाहारावर मांजर जगत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट मात्र पक्की. पथ्याचे खात नाही म्हणून मांजरीला उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस पोट रिकामे राहिले की तिचे यकृत बिघडू लागते. पथ्याचे न खाण्यापेक्षा बिनपथ्याचे खाल्लेले बरे. मळमळ थांबवणारी आणि भूक वाढवणारी औषधे आहेत, ती मागून घ्यावीत.

पाणी दोन-तीन ठिकाणी, रुंद भांड्यात, खाण्यापासून जरा दूर ठेवावे. खाणे कोमट पाण्यात कालवून द्यावे. पाणी जास्त पिते म्हणून भांडे उचलून ठेवणे हा तर अघोरी प्रकार आहे.

घरचे सलाईन

आजार वाढला की डॉक्टर कातडीखाली सलाईन देतात आणि घरच्यांनाही शिकवतात. ज्या हातांनी आपण मशीन चालवतो, विणतो, शिवतो, त्या हातांना हे अवघड नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊबदार करायची, खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरायची आणि तिथे सुई घालायची. उंटासारखा उंचवटा येतो आणि काही तासांत जिरतो. दर वेळी सुई नवी घ्यावी. किती आणि कितीदा, हे डॉक्टर वजन आणि हृदय पाहून ठरवतील.

हे कधीही करू नका

ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनही तसेच घातक. बुद्धमूर्तीपुढे वाहायच्या फुलांत लिलियम म्हणजे लिलीची मोठी फुले असतील, तर मांजर असलेल्या घरात ती आणूच नयेत. त्यांची पाने, पराग, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजरीची किडनी बंद पाडते. कमळ, झेंडू, मोगरा आहेतच. आणि अंगारा, उतारा, दृष्ट काढणे यांत वेळ दवडू नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मांजर आडवी गेल्याचा अपशकुन नाही, तसा तिच्या आजारावर अंगाराही नाही.

दोन रुपयांची गोष्ट, लाखाचे काम

दुखणी अनेक असली की डॉक्टरला सर्वांत मोठी मदत आपल्या वहीची होते. शाळेची अर्धी उरलेली वही घ्यावी. रोज तारीख टाकून लिहावे : किती खाल्ले, किती पाणी प्याली, वाळूत लघवीचे किती गोळे झाले, ओकली का, कुठली गोळी किती वाजता दिली, झोपेतले श्वास किती. आठवड्यातून एकदा वजन. ओळखीच्या दुकानदाराच्या काट्यावर पिशवीत घालून ते सहज होते. चार किलोच्या मांजरीचे चारशे ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला, हे डोळ्यांना दिसत नाही, वहीत दिसते. हे काम घरातल्या शाळकरी मुलाला द्यावे. नीट पाहणे आणि पाहिले तेवढेच लिहिणे, हा विज्ञानाचा पहिला धडा त्याला घरीच मिळेल.

उपचारासाठी मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय आहे. तिथेच १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गिरणगावातल्या कित्येक पिढ्यांना हा परिसर ठाऊक आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जाताना वही आणि सर्व औषधांच्या पाकिटांची पिशवी सोबत न्यावी. खर्च झेपणार नसेल तर संकोच न करता तसे सांगावे. मग कुठली तपासणी आधी आणि कुठली मागून, ते डॉक्टर ठरवून देतील.

शेवटचे दिवस

एक वेळ अशी येते की मांजर खात नाही, उठत नाही, औषध लागू पडत नाही. डॉक्टर तिला वेदनेतून सोडवणाऱ्या इंजेक्शनचे नाव काढतात. मग पहिले शील पाळणाऱ्या घरात प्रश्न उभा राहतो : हे पाप तर नव्हे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथात अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे मांडले आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत तिथे फरक केला आहे. तेव्हा कंटाळा आला, खर्च नको झाला, म्हणून जीव घेणे एक. आणि सर्व उपाय थकल्यावर तिचा तडफडाट थांबवणे दुसरे. घरच्यांनी एकत्र बसून, वही समोर ठेवून, तिच्या गेल्या पंधरा दिवसांत बरे दिवस किती आणि वाईट किती ते मोजावे आणि आपल्या विवेकाने ठरवावे. कुणी नैसर्गिक मरणाची वाट पाहायचे ठरवले तर तिला ऊब, स्वच्छता, ओठ ओले करायला पाणी आणि वेदनेवर डॉक्टरांनी दिलेले औषध मिळालेच पाहिजे.

बाबासाहेबांनी मैत्रीला प्रेमाहूनही मोठे मानले, कारण ती माणसापाशी थांबत नाही. सर्व सजीवांपर्यंत पोचते. विहारात आपण रोज मैत्री भावना करतो. ती भावना घरात कशी दिसते, हे मुलांना दाखवायचे असेल, तर निरुपयोगी झालेल्या मनीपुढे पाण्याची वाटी भरून ठेवावी आणि वहीत आजची तारीख टाकावी.