संगणकाचं स्थलांतर – भाग ७ : फायली आल्या, फॉन्ट राहिला

क्लोन केलेली डिस्क नव्या संगणकात बसवली आणि ती बूटच झाली नाही तर काय करायचं, हे आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. साताऱ्याहून एका निवृत्त मुख्याध्यापिकांचं पत्र आलंय आणि त्यातली अडचण महाराष्ट्रातल्या हजारो घरांत, वाचनालयांत आणि पतसंस्थांत आत्ता उभी असणार, याची मला खात्री आहे.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. बाईंचा जुना संगणक विंडोज ११ च्या अटींत बसेना, म्हणून त्यांनी नवा लॅपटॉप घेतला. भाच्याने जुन्या मशीनमधलं डॉक्युमेंट्सचं अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवरून आणून दिलं. फोटो उघडले, गाणी वाजली. पण यजमानांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी वर्डमध्ये टाइप करून ठेवलेला गावाचा इतिहास उघडला, तर पानंच्या पानं नुसती रोमन अक्षरं, कंस आणि अधोरेषा. दुकानदाराने बघितलं आणि सांगितलं, "व्हायरस आहे, फॉरमॅट मारू."

बाई, फॉरमॅट मारू देऊ नका, आणि जुना संगणक कुणाला देऊही नका. तुमच्या यजमानांच्या लेखनातली एक वेलांटीसुद्धा हरवलेली नाही.

त्या फायलीत, संगणकाच्या दृष्टीने, मराठी कधी नव्हतीच. युनिकोड आपल्या घरांत पोचण्याआधी संगणकावर मराठी लिहायची ती एका युक्तीने. संगणक अक्षर म्हणून फक्त एक आकडा साठवतो आणि त्या आकड्याला कुठली आकृती दाखवायची, हे फॉन्ट ठरवतो. मग रोमन 'ए'च्या जागी फॉन्टमध्ये देवनागरीची एखादी आकृती बसवली की झालं! वर्डला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय, माणसाला पडद्यावर मराठी दिसतं. एका फॉन्टमध्ये २५६ जागा, त्यातल्या कित्येक आधीच अडलेल्या. आपली जोडाक्षरं तेवढ्यात कशी मावणार? म्हणून अक्षरांचे तुकडे केले. अर्धा ग वेगळा, काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. ग लिहायचा तर अर्धा ग आणि पुढे काना. डोळ्यांना एक अक्षर, फायलीत दोन आकडे.

म्हणून फाइल आली आणि फॉन्ट मागे राहिला, तर वर्ड तेच आकडे दुसऱ्याच फॉन्टमध्ये प्रामाणिकपणे दाखवतो. दुकानदाराचा 'व्हायरस' तो हाच.

याबद्दल मला नेहमी हळहळ वाटते, कारण नीट रस्ता उपलब्ध होता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'इस्की' ही संकेतप्रणाली मानक म्हणून जाहीर केली. त्यात अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवायचं होतं आणि दिसायचं कसं ते नंतर ठरायचं होतं. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ताही इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेला आहे. पुण्याच्या सीडॅकच्या जिस्ट कार्डाने डॉसच्या काळात पडद्यावर मराठी उमटवली होती. पण विंडोज आलं, पेजमेकर आलं, आणि छापखान्यांना हवा होता तो पेजमेकरमध्ये चालणारा फॉन्ट. पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत कळलं नाही. मग श्रीलिपीची मांडणी एक, आकृतीची दुसरी, सीडॅकच्या सुरेख-योगेशची तिसरी, शिवाजीची चौथी. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी विंडोजमध्ये आली, तरी डीटीपीवाले पुढे कितीतरी वर्षं जुन्यावरच राहिले. दिवाळी अंक, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, वंशावळी, सगळं त्या फॉन्टांत अडकलेलं आहे.

क्लोन करणाऱ्यांना ही अडचण जाणवत नाही, कारण डिस्कबरोबर फॉन्टही येतात. नवं विंडोज टाकून फक्त फायली आणणाऱ्यांना ती येते. तरीही नव्याने सुरुवात करा, हे माझं मत तिसऱ्या भागात सांगितलंय तेच आहे. यादीत फॉन्टची ओळ तेवढी वाढवायची.

आधी कुठला फॉन्ट मागे राहिला ते ओळखू. वर्डमध्ये त्या मजकुरावर कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय लिहिलंय ते वाचा. फॉन्ट नसला तरी त्याचं नाव फायलीत शाबूत असतं. बाईंनी हे केलं असेल तर त्यांना शिवाजी किंवा श्रीलिपीच्या कुळातलं, आकडा लावलेलं नाव दिसेल, असा माझा कयास आहे, कारण त्यांच्याकडे साधी रोमन अक्षरं दिसताहेत. डोक्यावर टोप्या आणि टिंबं असलेली युरोपीय धाटणीची अक्षरं दिसली, तर सीडॅकचे द्विभाषी फॉन्ट मनात धरावेत. त्यांत इंग्रजी अक्षरं जागच्या जागी ठेवून मराठी वरच्या १२८ जागांत बसवलेली असते. आणि अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसले तर फॉन्ट 'सिम्बॉल' जातीचा आहे. असा मजकूर वर्ड युनिकोडच्या खासगी वापरासाठी राखलेल्या भागात नेऊन ठेवतो. म्हणूनच तो कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की तिथेही चौकोनच येतात आणि बरेचसे कन्व्हर्टर गप्प बसतात.

नाव कळलं की जुन्या संगणकाकडे वळा. फॉन्ट सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत 'फॉन्ट्स' फोल्डरात असतात. पण विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून एखाद्या वापरकर्त्यापुरता टाकलेला फॉन्ट त्याच्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात जातो. भाचे मंडळी हमखास विसरतात ती जागा ही. दोन्हीकडून त्या नावाच्या टीटीएफ फायली उचला, नव्या लॅपटॉपवर राइट क्लिक करून सगळ्या वापरकर्त्यांसाठी इन्स्टॉल करा. वर्ड बंद करून पुन्हा उघडला की यजमानांचा मजकूर होता तसा समोर येईल. विकत घेतलेल्या पॅकेजचा फॉन्ट असेल तर परवान्याची अट वाचून घ्या. काही जुन्या पॅकेजना पॅरलल पोर्टात बसणारं डोंगल लागायचं, आणि तसा पोर्ट आजच्या लॅपटॉपला नसतो. टाइप करायचं सॉफ्टवेअर तिथे नेता येणार नाही, पण वाचायला फॉन्ट पुरतो.

जुना संगणक चालू आहे तोवर प्रत्येक महत्त्वाच्या फायलीची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते. ती दुसऱ्या मशीनवर उघडून खात्री करा, कारण काही फॉन्टना तशी परवानगी दिलेली नसते. मात्र पीडीएफमधून मजकूर कॉपी केलात तर पुन्हा रोमन गोंधळच हाती येईल. ती पुढच्या कामाची साक्षीदार आहे, तिच्याशी ताडून बघायचं.

पुढचं काम म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर. वाचता येतंय एवढ्यावर थांबू नका. ज्या मजकुरात शोधता येत नाही, जो मोबाइलवर दिसत नाही, तो पुढच्या पिढीच्या दृष्टीने कुलूपबंदच. संस्थांच्या सभासद याद्यांचं तर याहून वाईट असतं. एक्सेल बिचारं आकडे बघून क्रम लावतं आणि अकारविल्हे यादीचा पार विचका होतो.

कन्व्हर्टर पुष्कळ आहेत. नेमक्या त्या फॉन्टसाठीचा हवा, नुसतं कूळ जुळून भागत नाही. त्याला करावं लागणारं काम बघण्यासारखं आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार अक्षरानंतर टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये तो र आणि हलन्त होऊन अक्षराच्या आधी जातो. 'कीर्ती' या साध्या शब्दात शेवटचा रफार उचलून त आणि वेलांटी दोन्हींच्या पलीकडे न्यावा लागतो. एखादा कन्व्हर्टर इथे चुकला की फाइलभर चुकत राहतो.

आणि माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, आपला अर्धा र. हिंदीपुरता विचार करून केलेले कन्व्हर्टर 'साताऱ्याला'चं 'सातार्याला' करतात आणि 'कऱ्हाड'चं 'कर्हाड'. सातारा जिल्ह्यातल्या गावाच्या इतिहासात ही चूक किती ठिकाणी येईल याची कल्पना करा! शिवाय हा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधताना एका तऱ्हेने टाइप केलेला शब्द दुसरीत सापडेलच असं नाही. मी पहिली वापरतो, तुम्हीही एकच धरून चाला आणि रूपांतर झाल्यावर दुसरी फाइंड-रिप्लेसने बदलून घ्या.

मधे इंग्रजी शब्द असतील तर अख्खी फाइल एकदम कन्व्हर्टरला देऊ नका, नाहीतर इंग्रजीचीही निरर्थक देवनागरी होईल. वर्डच्या फाइंडमध्ये फॉन्ट निवडून शोधता येतं. त्या फॉन्टचे तुकडे तेवढे उचला. आणि मूळ फायलीत नव्या मशीनवर काहीही टाइप करू नका. वर्डला ते इंग्रजी वाटतं, तो वाक्याचं पहिलं अक्षर परस्पर कॅपिटल करतो, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो. जुन्या फॉन्टमध्ये कॅपिटल म्हणजे वेगळीच आकृती, तेव्हा शब्द बिघडतो. काम नेहमी नकलेवर करा.

पेजमेकरच्या फायली असतील तर लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडून बघा. ४.४ या आवृत्तीपासून त्याला त्या वाचता येतात. मांडणी थोडी हलते, मजकूर निघतो, आणि त्याचं रूपांतर वर सांगितलं तसंच.

पुढच्या आठवड्यात न बूट होणारा क्लोन नक्की. त्याआधी जुन्या डिस्कची पार्टिशन स्टाइल बघून ठेवा. डिस्क मॅनेजमेंट उघडा, खालच्या बाजूला 'डिस्क ०' लिहिलंय त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स. तिथे एमबीआर आहे की जीपीटी, तेवढं कागदावर टिपून ठेवा.