एका भेकाचे पुनरागमन : सहकार्यातून संवर्धन

प्रजातीचे संवर्धन एकट्या संशोधकाला का साधत नाही, हे टांझानियातील किहान्सी भेकाच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

उद्झुंग्वा पर्वतातील किहान्सी दरीत, धबधब्याच्या तुषारांनी सदैव ओल्या राहणाऱ्या मोजक्या जागेत हा पिवळसर भेक राहत असे. त्याची लांबी तीन सेंटीमीटरांहूनही कमी असते. मादी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. शास्त्रज्ञांना तो १९९६ मध्ये आढळला. परंतु लवकरच जलविद्युत प्रकल्पासाठी नदीचे पाणी वळवले गेले आणि तुषार विरले. देशाची विजेची गरज खरी होती, तसाच भेकाचा अधिवासही एकमेव होता.

यावर दुहेरी उपाय योजण्यात आला. दरीत कृत्रिम फवारे बसवले गेले आणि २००० मध्ये सुमारे ५०० भेक अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत नेण्यात आले. तेथे सुरुवातीला अनेक भेक दगावले. पुढे प्रकाश, आर्द्रता व आहार यांचे गणित जुळले. दरीतील भेक मात्र २००३ नंतर जवळजवळ नाहीसे झाले. त्यांच्यात कायट्रिड बुरशीचा संसर्गही आढळला. २००९ मध्ये ही प्रजाती निसर्गातून नामशेष झाल्याचे घोषित झाले.

तथापि, २०१० मध्ये शंभर भेक दार-ए-सलाम विद्यापीठात परतले आणि २०१२ मध्ये त्यांना दरीत सोडण्यास प्रारंभ झाला.

येथे क्षेत्र-अभ्यासक, रोगतज्ज्ञ, प्राणिपालक आणि अभियंते या सर्वांचे ज्ञान आवश्यक ठरले. प्रजाती जगवली, तरी अधिवास राखल्याशिवाय संवर्धन पूर्ण होत नाही, हे लक्षात ठेवा.

स्वयंअध्ययन प्रश्न : कृत्रिम फवारे बसवूनही दरीतील भेक का वाचले नसावेत? आपले मत सकारण लिहा.